मोडीवांचून मध्ययुग

मध्ययुगीन इतिहास हा विषय घेऊन एम्. ए. झालेल्या विद्यार्थ्यानें आपल्या सबंध अभ्यासक्रमांत मध्ययुगांतला एकही मूळ कागद वाचलेला नसतो, असें म्हटलें तर बाहेरच्या वाचकास ती अतिशयोक्ति वाटेल. ज्यांचा आपल्याकडील परीक्षांशीं निकट संबंध आहे त्यांस मात्र त्यांत नवल वाटावयाचें नाहीं. अष्टप्रधानांचीं नांवें व कामें बिनचूक सांगणारा, वतन आणि सरंजाम यांतील भेद चार मुद्द्यांत नीटनेटका मांडणारा, चौथाई-सरदेशमुखीवर तीन पानें सहज लिहिणारा हुषार विद्यार्थी, त्याच काळचा एखादा साधा कौलनामा पुढें ठेवला असतां, तो उलटा धरला आहे कीं सुलटा एवढेंही सांगूं शकत नाहीं. रोग्याची नाडी कधीं न पाहिलेला वैद्य आपण पत्करीत नाहीं; पण मोडी व फारसी यांपैकीं एकही लिपि न ओळखणारा मध्ययुगाचा पदवीधर आपण दरवर्षीं समारंभानें पत्करतों. दोष विद्यार्थ्यांचा नव्हे. त्यांस जें कोणी विचारीत नाहीं तें त्यांनीं शिकावें तरी कां?

याचें मूळ आपल्या विद्यापीठांच्या जन्मांतच आहे. १८५७ सालीं मुंबईस विद्यापीठ स्थापन झालें तें मुख्यतः परीक्षा घेणारें विद्यापीठ म्हणून. शिकविण्याचें काम कॉलेजांकडे होतें. शोधण्याचें काम कोणाकडेच नव्हतें. हिंदुस्थानच्या इतिहासाची वांटणी जेम्स मिल्लनें १८१७ सालींच हिंदु, मुसलमानी व ब्रिटिश अशा तीन कप्प्यांत करून ठेविली होती. पुढें कप्प्यांचीं नांवें पालटून प्राचीन, मध्ययुगीन व अर्वाचीन अशीं झालीं, परंतु लांकूड तेंच राहिलें. ‘मध्ययुग’ ही मूळची युरोपांतील कल्पना. ग्रीस व रोम यांचे वारस म्हणविणाऱ्या पंडितांनीं आपण आणि आपले ते आवडते पूर्वज यांच्यामधला जो काळ, त्यास कांहींशा तुच्छतेनें दिलेलें हें नांव. तो अंगरखा आपल्या अंगास कोठें आंखूड तर कोठें ढगळ होतो. दिल्लीच्या हिशेबानें मध्ययुग १२०६ त सुरू होतें. अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला तो १२९६ त. दिल्लीच्या हिशेबानें १७०७ त औरंगजेब मरतो आणि पुस्तकाचा तो भाग मिटतो; मराठ्यांच्या राज्याचा खरा विस्तार त्यापुढचा. तेव्हां महाराष्ट्राचें मध्ययुग १८१८ पर्यंत ओढावें लागतें, आणि अभ्यासमंडळांच्या बैठकींत या सीमारेषांवरून जेवढा काथ्याकूट होतो तेवढा त्या सीमांच्या आंत काय वाचावें यावर झालेला मीं तरी पाहिलेला नाहीं.

१८१८ या सालाचा उल्लेख आलाच आहे, तर एक योगायोग सांगण्यासारखा आहे. त्या सालीं पेशवाई बुडाली आणि शनिवारवाड्यांतील कारभाराचें दप्तर इंग्रजांच्या हातीं गेलें. त्याच्या दुसऱ्याच वर्षीं, १८१९ त, जर्मनींत मध्ययुगीन साधनें शुद्ध करून छापण्यासाठीं ‘मोन्युमेंटा जर्मानिए हिस्टॉरिका’ या प्रचंड ग्रंथमालेचा पाया घातला गेला. १८२१ त पॅरिसमध्यें ‘एकोल दे शार्त’ नांवाची पाठशाळा निघाली. जुनी लिपि वाचणें, दस्तऐवजाचा खरेखोटेपणा पारखणें व दप्तर लावणें एवढ्याच विद्या तेथें शिकवावयाच्या असा तिचा संकल्प होता. म्हणजे ज्या दोनतीन वर्षांत युरोपांतील राष्ट्रें आपलीं दप्तरें उघडीत होतीं त्याच वर्षांत आपलें दप्तर बांधलें जात होतें. त्याच सुमारास साताऱ्यास ग्रँट डफ रेसिडेंट म्हणून बसून मराठ्यांच्या इतिहासाचे कागद जमवीत होता; त्याचे तीन खंड १८२६ त निघाले. गंमत अशी कीं, आपल्या विद्यापीठांनीं पुढें ग्रँट डफचा ग्रंथ नेमला, पण ग्रँट डफचा उद्योग नेमला नाहीं. इंग्लंडांत स्टब्जनें १८७० त जुन्या लॅटिन सनदांचें निवडक पुस्तक काढलें आणि ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांस त्यावर घांसावें लागलें. त्यांतल्या बहुतेकांनीं पुढें वकिली केली, चाकरी केली. परंतु सनद म्हणजे काय हें त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें होतें.

आपल्याकडे हें काम झालें नाहीं असें नव्हे. तें झालें आणि अशा तडफेनें झालें कीं दुसऱ्या प्रांतांनीं हेवा करावा. फक्त तें विद्यापीठाच्या कुंपणाबाहेर झालें. नीलकंठ जनार्दन कीर्तने या तरुणानें १८६७ च्या सुमारास पुण्यांत ग्रँट डफवर टीकेचा निबंध वाचला तेव्हां ते अद्यापि विद्यार्थीच होते. १८७८ त काशीनाथ नारायण साने व त्यांचे सहकारी यांनीं ‘काव्येतिहाससंग्रह’ काढला, आणि बखरी छापून बाहेर पडूं लागल्या. मिरजेस वासुदेवशास्त्री खरे मुलांस संस्कृत शिकवीत आणि उरल्या वेळांत पटवर्धनी दप्तर उलगडीत. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे पदवीधर खरे, परंतु कॉलेजांतील शिक्षणाविषयीं त्यांचें मत काय होतें हें त्यांच्या वाचकांस सांगावयास नको. १८९८ त त्यांनीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ यांचा पहिला खंड काढला, एकामागून एक बावीस खंडांपर्यंत ती मालिका गेली, आणि १९१० त भारत इतिहास संशोधक मंडळ उभें राहिलें. गोविंद सखाराम सरदेसाई बडोद्याच्या नोकरींतून निवृत्त झाल्यावर १९३० ते १९३४ या अवघ्या चार वर्षांत पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग प्रसिद्ध करते झाले. त्यांचे स्नेही जदुनाथ सरकार हे मूळचे इंग्रजी वाङ्मयाचे एम्. ए.; फारसी आणि मराठी त्यांनीं इतिहासासाठीं पदरीं पाडून घेतली.

या पिढीविषयीं माझ्या मनांत जो आदर आहे तो शब्दांनीं वाढणार नाहीं. पण आदरानें डोळे दिपूं देऊं नयेत. या मंडळींचे वाद फार, संग्रह विखुरलेले, आणि मुख्य म्हणजे त्यांचें ज्ञान बहुधा त्यांच्याबरोबरच गेलें. ज्यानें वीस हजार कागद हाताळले त्याच्या बोटांत एक प्रकारचें शहाणपण येतें: हें वळण अमक्या फडांतलें, हा शिक्का मागाहून मारलेला, हा कागद त्या काळचा नव्हे. हें शहाणपण पुस्तकांत उतरत नाहीं. तें शेजारीं बसून घ्यावें लागतें. शेजारीं बसविण्याची सोय करणें हेंच तर विद्यापीठाचें काम होतें. पगार, पदें, ग्रंथालयें सर्व विद्यापीठाजवळ, आणि कागद वाचणारी माणसें सदाशिव पेठेंतल्या एका मंडळांत, अशी ही विभागणी शंभर वर्षें टिकली. अपवाद आहेत आणि ते उजळ आहेत. १९३९ त डेक्कन कॉलेज संशोधनसंस्था म्हणून पुन्हां उघडलें तेव्हां त्र्यंबक शंकर शेजवलकर तेथें आले; त्यांचा पानिपतवरील इंग्रजी ग्रंथ १९४६ चा. त्याच संस्थेनें १९५३ त वि. त्र्यं. गुणे यांचा मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. अ. रा. कुलकर्णी यांचा शिवकालीन महाराष्ट्रावरील ग्रंथ १९६९ त निघाला. जपानांतून आलेल्या हिरोशी फुकाझावा यांनीं दख्खनच्या गांवगाड्यावर व वतनावर जे निबंध लिहिले ते १९९१ त एकत्र झाले. टोकियोहून मनुष्य येतो आणि आमच्या बलुत्याचा हिशेब मांडून दाखवितो, ही गोष्ट आम्हांस अभिमानाची कीं संकोचाची हें ज्याचें त्यानें ठरवावें.

कोणी म्हणेल, लिपि ही काय मोठी विद्या? महिन्याभरांत मोडी येते. अक्षरें येतात, हें खरें. पण वाचणें म्हणजे अक्षर ओळखणें नव्हे. मोडी लिहिणारा आधीं आडवी रेघ ओढतो आणि मग हात शक्यतों न उचलतां तिच्याखालीं शब्द लोंबवीत जातो. दोन शब्दांमध्यें जागा नाहीं, विराम नाहीं, आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा नाहीं, त्यामुळें ‘दिन’ आणि ‘दीन’ एकच दिसतात. संदर्भ ठाऊक असेल त्यासच शब्द फोडतां येतो. मराठी समाजाचा लिपिशास्त्राशीं जो काय संबंध उरला आहे तो ‘ध चा मा’ या एका म्हणीपुरता. नारायणरावाच्या १७७३ तील खुनाची ती कथा खरी असो वा खोटी असो, एका अक्षरानें जीव जाऊं शकतो एवढें तरी ती कथा सांगणाऱ्यांस पटलेलें दिसतें.

आणि अक्षरापेक्षांही कठीण ती तारीख. पानिपतचा दिवस घ्या. इंग्रजी गणनेनें बुधवार, १४ जानेवारी १७६१. शालिवाहन शक १६८२, पौष शुद्ध अष्टमी. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकापासून चाललेल्या शकाचें तें ८७ वें वर्ष. हिजरी सन ११७४, महिना जमादिलाखर. मराठी दप्तरांत मात्र जो सन लिहावयाचा तो यांपैकीं कोणताच नव्हे. तो शुहूर अथवा सुरसन, आणि तो अंकांत न लिहितां बहुधा अरबी संख्यावाचकांत लिहीत: ‘इहिदे सितैन मया व अलफ’, म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, अर्थात् ११६१. हें वर्ष सौर. तें मृग नक्षत्राबरोबर, पेरणीच्या तोंडीं सुरू होतें, कारण त्याचा संबंध वसुलाशीं. त्यांत ५९९ किंवा ६०० मिळविले म्हणजे इसवी सन निघतो. दोहोंपैकीं कोणता आंकडा घ्यावयाचा हें तारीख मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतची आहे कीं जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतची आहे, यावर अवलंबून. पण याच सौर वर्षाच्या पोटांत महिना लिहावयाचा तो मुसलमानी चांद्र महिना, आणि त्याच्या दिवसामागें ‘छ’ हें एक अक्षर, चंद्राचें. एकाच ओळींत सूर्य आणि चंद्र असे जोडलेले!

आतां नवशिका विद्यार्थी ११६१ हा आंकडा पाहतो, शेजारीं जमादिलाखर पाहतो, आणि सन हिजरी आहे असें समजून चालतो. हिजरी ११६१ म्हणजे इसवी सन १७४८. कागद एका फटक्यांत तेरा वर्षें मागें गेला. शाहू महाराज अजून हयात आहेत, आणि भाऊसाहेबांस अद्यापि कोणी ओळखत नाहीं. एवढी ढोबळ चूक मजकुरावरून कळून येणार नाहीं काय? नेहमींच नाहीं. कारण अबदालीची पहिली स्वारीही १७४८ चीच. ‘अबदाली लाहोरास आला’ असें एक वाक्य दोन्ही सालांत चपखल बसतें. म्हणून म्हणतों कीं लिपीची विद्या ही हाताची विद्या नव्हे. तींत पंचांग आहे, शेतसारा आहे, अरबी संख्या आहेत, आणि दिल्ली-पुण्यामधल्या डांकेस लागणारे दिवसही आहेत. शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीविषयीं महाराष्ट्रांत जो दीर्घकाल वाद चालला त्याला वळण लागलें तें लोकमान्य टिळकांनीं १९१६ त प्रसिद्ध केलेल्या जेधे शकावलीनें. आधीं कागद वाचावा लागला, मग तिथि बदलली.

आणखी एका प्रकारच्या कागदाविषयीं थोडें विस्तारानें लिहितों. कारण विद्यार्थ्यास मध्ययुगाची खरी गोडी लावण्यास त्यासारखें दुसरें साधन नाहीं. तो म्हणजे महजर. गांवच्या पाटिलकीवरून दोन भाऊबंदांत तंटा लागतो. एक म्हणतो वडीलपण माझें, दुसरा म्हणतो माझें. गोत बसतें, देशमुख-देशपांडे येतात, शेजारच्या गांवचे पाटील येतात, शेटे-महाजन येतात, बलुतेदार येतात. दोन्ही वादी आपल्या करीना सांगतात, आणि त्या करीन्यांत कोणाच्या आजानें कोणत्या दुष्काळांत गांव सोडला, कोणी परागंदा झालेल्यास परत आणून नांगर धरविला, असें चार पिढ्यांचें जग उभें राहतें. पुराव्यानें निकाल लागेना तर दिव्य करावयाचें; तापलेल्या तेलांतून धातूचा रवा काढावयाचा आणि मग हात बांधून ठेवावयाचा. अखेरीस निवाडा लिहिला जातो आणि साक्षी पडतात. लिहितां न येणारा आपली निशाणी करतो: पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा, चांभाराची रापी. वर्गांत ‘गोतसभा ही ग्रामीण न्यायसंस्था होती’ हें वाक्य लिहून घेणें निराळें, आणि त्या कागदाच्या तळाशीं काढलेला तो वेडावांकडा आरसा पाहणें निराळें. ज्याला आपण निरक्षर म्हणतों त्याचा हात तेथें प्रत्यक्ष लागलेला असतो. राजे-सरदारांच्या पत्रांत तो माणूस कधीं भेटत नाहीं.

फारसीची स्थिति याहून वाईट. आदिलशाही-निजामशाहीच्या कित्येक सनदांत वर फारसी मजकूर आणि खालीं त्याचाच मोडींतला मराठी तर्जुमा असतो. एकाच कागदावर दोन भाषा शेजारीं नांदतात. आपल्या विद्यापीठांत मात्र त्यांचे विभाग दोन इमारतींत आहेत, आणि एका इमारतींतील विद्यार्थी दुसरीचा जिना चढत नाहीं. शिवाजी महाराजांनीं राज्यव्यवहारकोश करविला तो दरबारच्या भाषेंत फारसीचें प्राबल्य होतें म्हणूनच. सात-बाराच्या उताऱ्यावर आज आपण ‘मौजे’ आणि ‘तालुका’ लिहितों ते शब्द कोठून आले? माधवराव पटवर्धन हे कवि माधव जूलियन म्हणून सर्वांस ठाऊक. पण त्यांनीं १९२५ त फार्शी-मराठी कोश रचला, आणि तो ज्याच्या टेबलावर नाहीं असा मराठ्यांच्या इतिहासाचा खरा अभ्यासक नसावा. कवितेनें त्यांना कीर्ति दिली. कोशाचे उपकार मात्र निमूटपणें घेतले जातात.

हीं सर्व जुनीं मढीं उकरण्याचा आजच्या माणसास काय उपयोग, असें विचारणारे असतात. त्यांच्यासाठीं घरचीच गोष्ट सांगतों. माझे आजोबा घरचा जमाखर्च मोडींत लिहीत. वडिलांस ती वाचतां येई, लिहितां येत नसे. मला ती वयाच्या तिसाव्या वर्षीं, सर्व पदव्या घेऊन झाल्यावर, मुद्दाम शिकावी लागली. पदवीच्या वर्गांत शार्लमेनच्या सरदारांस जहागिरी कोणत्या अटींवर मिळत हें आम्हीं पाठ केलें होतें. आमच्या घरचें कुळकर्णाचें वतन कोणत्या अटींवर होतें हें आम्हांस कोणी विचारलें नाहीं. आणि हें वतन कांहीं शिवकालांत संपलेलें नव्हतें. कुळकर्ण वतनें १९५० च्या कायद्यानें गेलीं, महार-रामोश्यांचीं कनिष्ठ म्हटलेलीं वतनें १९५८ च्या, आणि पाटिलकी १९६२ च्या कायद्यानें. महार वतन ही गुलामगिरी आहे असें सांगून डॉ. आंबेडकरांनीं १९२८ त मुंबईच्या कायदेकौन्सिलांत बिल आणलें तेव्हां ते एका मध्ययुगीन संस्थेशींच झगडत होते. ‘मध्ययुग’ १८१८ त संपलें हें पाठ्यपुस्तकाचें मत झालें. गांवचावडीचें तें मत नव्हतें.

अगदीं अलीकडचें उदाहरण हवें असेल तर २०२३ चें आहे. मराठवाड्यांतील कुणबी नोंदी शोधण्यासाठीं शासनानें निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांची समिति नेमली आणि तहसिलांतून, कोठारांतून जुनीं दप्तरें बाहेर निघालीं. तीं मोडींत आणि उर्दूंत. मग वाचणारांचा शोध सुरू झाला. त्या प्रश्नाच्या राजकारणांत मला शिरावयाचें नाहीं. पण लाखों लोकांचे हक्क ज्या कागदांवर टांगलेले, ते वाचणारीं माणसें हुडकावीं लागावींत, आणि इतिहासाचे द्विपदवीधर जिल्ह्याजिल्ह्यांत असतांना त्यांचा तेथें उपयोग होऊं नये, याची खंत इतिहासखात्यांस वाटावयास हवी होती. ज्याला कागद वाचतां येत नाहीं त्याला दुसऱ्यानें सांगितलेलें खरें मानावें लागतें. आणि मध्ययुगाविषयीं आज चौकाचौकांतून जें मोठ्या आवाजांत सांगितलें जातें तें ऐकतांना ही परावलंबनाची गोष्ट मला लहान वाटत नाहीं.

एक आक्षेप राहिला. महत्त्वाचें तें सर्व छापून झालें आहे, उरलेलें यंत्र वाचील, मग विद्यार्थ्यास कष्ट कशाला? छापून झालें तें काय, हें पाहिलें पाहिजे. सरदेसायांचे पंचेचाळीस भाग हा थोर उद्योग, पण पुण्याच्या पुराभिलेखागारांत हजारों रुमालांत जे कोट्यवधि कागद बांधलेले आहेत त्यांतील ती ओंजळ आहे; आणि ती ओंजळ भरतांना लढाया, तह आणि कारस्थानें यांकडे लक्ष अधिक होतें. गांवचे झाडे, जमाबंदी, बाजारभाव, कारखान्यांचे हिशेब हें सर्व बहुतांशीं तळाशीं राहिलें. पूर्वीच्यांनीं ज्या प्रश्नांसाठीं कागद निवडले ते त्यांचे प्रश्न होते. आपले प्रश्न निराळे असतील तर आपणच रुमाल सोडले पाहिजेत. यंत्राचें म्हणाल तर मोडी अक्षरांस २०१४ त युनिकोडमध्यें जागा मिळाली, आणि यंत्राकडून मोडी वाचवून घेण्याचे प्रयोग चालू आहेत. त्यांचें मी स्वागतच करतों. यंत्र उद्यां ‘इहिदे सितैन’ हीं अक्षरें बाळबोधींत उतरवून देईल. परंतु त्याचें उतरविलेलें बरोबर आहे कीं नाहीं हें ओळखणारा कोणी खुर्चींत बसलेला असावा लागेल कीं नाहीं?

मोडीचे प्रमाणपत्रवर्ग आज पुराभिलेख खातें चालवितें, मंडळ चालवितें, कांहीं विद्यापीठेंही चालवितात. तेथें निवृत्त बँकवाले येतात, वकील येतात, आपल्या घराण्याचा वृक्ष शोधणारे येतात. इतिहासाचे विद्यार्थी थोडे, कारण त्या परीक्षेचे गुण पदवींत धरले जात नाहींत. माझी सूचना साधी आहे आणि तिला नवी इमारत लागत नाहीं. मध्ययुगीन इतिहासाच्या एम्. ए. ला पहिल्या वर्षीं मोडी अथवा फारसी सक्तीची करावी, दोन्ही घेणारास बक्षीस म्हणून एक प्रश्नपत्रिका माफ करावी, आणि अखेरच्या परीक्षेंत तीन तासांची एक निराळी पत्रिका ठेवावी. तींत प्रश्न एकच: पूर्वीं कधीं न छापलेला एक कागद. तो बाळबोधींत उतरावा, त्याची तारीख लावावी, तो कोणीं कोणास कां लिहिला हें सांगावें, आणि तो खरा कीं बनावट याविषयीं आपलें मत द्यावें. जंत्री व कोश जवळ बाळगण्यास मुभा असावी. प्राध्यापकांचीं टिपणें तेवढीं दाराबाहेर ठेवून यावें.